पाचचा दिवा

टेम्पोतलं शेवटचं कपाट उतरलं आणि घरमालकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. किल्लीबरोबर दोन सूचना दिल्या, त्याही एका दमात. "ताई, सातनंतर उसाच्या बांधाला जायचं नाही, वाघ असतो. आन् आजूबाजूला सगळे माळकरी आहेत, तेवढं ध्यानात असू द्या." मोटारसायकलला किक मारून ते गेले, आणि त्या दोन सूचना माझ्या मनात एकाच खुंटीला टांगलेल्या राहिल्या. सातनंतरचा वाघ आणि चोवीस तासांचे माळकरी. दोघांनाही जपून राहायचं, एवढाच अर्थ मी त्या दिवशी घेतला.

आम्ही डोंबिवलीहून आलो होतो. तिथं दोन खोल्यांत तीस वर्षं काढली. जिन्यात चप्पल वाजली की कोण आलं ते न बघता सांगता यायचं. निवृत्तीनंतर नवऱ्याला मातीत हात घालायचे होते आणि मला शांत खोलीत मुद्रितं तपासायची होती. म्हणून जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडं, एका मळ्यातलं घर भाड्यानं घेतलं. या भागात पुष्कळ माणसं गावठाणात न राहता आपापल्या शेतात, मळ्यांत राहतात. आमच्या मळ्यात सात घरं. प्रत्येक दोन घरांच्या मध्ये शेत, आणि शेतात बहुतेक ऊस. आमच्या घराच्या तीन बाजूंना तो दोन पुरुष उंच उभा होता. वारा नसतानाही त्याची पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज येई. पहिल्या संध्याकाळी तो आवाज ऐकत मी खिडक्यांचे गज मोजले.

वाघ म्हणजे बिबट्या. इथं सगळे त्याला वाघच म्हणतात.

घराची सगळी सोय चांगली होती, फक्त संडास मागच्या दारापासून बारा पावलांवर होता. दिवसा बारा पावलं म्हणजे काहीच नाही. रात्री दोन वाजता, हातात विजेरी घेऊन, उसाच्या भिंतीसमोर ती बारा पावलं टाकायची तर माणसाला आपल्या श्वासाचाही आवाज मोठा वाटतो. आवाज केला की जनावर बाजूला होतं, असं वाचलं होतं. म्हणून तिसऱ्या रात्री नवरा विजेरी घेऊन पुढं आणि मी स्टीलची थाळी उलथण्यानं बडवत मागं, असे आम्ही निघालो. पाच पावलं गेलो असू. पलीकडून हाक आली, "आलाय का ओ?" दुसऱ्या घरात दिवा लागला. तिसऱ्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. पाच मिनिटांत आमच्या अंगणात सहा पुरुष उभे होते, हातात काठ्या आणि विजेऱ्या, गळ्यात तुळशीच्या माळा. माझ्या दोन्ही काळज्यांनी एकाच रात्री एकाच अंगणात यावं, असा तो प्रसंग होता.

कुणी रागावलं नाही. सगळ्यांत वयस्कर होते ते नाना. त्यांनी थाळीकडं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "माउली, थाळी वाजली की आम्ही समजतो वाघ आला. बाहेर पडायचं तर खोकत जा, बोलत जा. नाहीतर मोबाइलवर हरिपाठ लावा."

माझ्याकडं हरिपाठ नाही, असं मी म्हणाले. म्हणताना छातीत धडधडलं, कारण याच प्रश्नाची मी तीन दिवस वाट बघत होते.

"मग बातम्या लावा," नाना म्हणाले. "त्याला माणसाचा आवाज कळला म्हणजे झालं."

माझी ती दुसरी काळजी नीट सांगायला हवी. आमच्या घरात देव्हारा नाही. माझ्या वडिलांच्या घरीही नव्हता. आम्ही उपास करत नाही, मासे खातो, आणि देवळात गेलोच तर कोरीव काम बघायला. मुंबईच्या गर्दीत हे कुणी विचारत नाही. इथं मात्र सात घरांत आमचंच एक घर वेगळं पडणार होतं. एकादशीला आमच्या स्वयंपाकघरातून कसला वास आला ते सगळ्या मळ्याला कळणार. मी पुण्यात शिकलेली, साठीकडं झुकलेली बाई. वाद घालायला मी भीत नाही. मला भीती होती ती अबोल्याची. रात्री कुणाला काही झालं आणि हाक मारावी असं एकही दार आपलं नसावं, ही कल्पना मला वाघापेक्षा जास्त जागं ठेवायची.

वाघ इथं कसा आला, हे पुढं हळूहळू कळलं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी पाच. कालव्यांचं पाणी आलं आणि जिथं बाजरी, कडधान्य होतं तिथं ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. एवढा काळ कुणी आत शिरत नाही, सावली असते, पाणी असतं, जवळच्या वस्तीत कुत्री, शेळ्या, वासरं असतात. बिबट्याच्या मादीला याहून सुरक्षित बाळंतघर कुठलं मिळणार? उसात जन्मलेल्या पिल्लांना डोंगर ठाऊकच नसतो. त्यांचं माहेर हेच.

माणसं आणि बिबटे इतके जवळ आले की दुःखंही आली. या तालुक्यात माणसं गेली आहेत, मुलं गेली आहेत. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण हे वगळून वाघावर लिहिणं मला जमणार नाही. २००१च्या सुमारास बिबटे मोठ्या संख्येनं पकडले गेले. काही माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवले, पण पकडून दुसरीकडं नेऊन सोडलेलेही पुष्कळ होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या नोंदींचा अभ्यास केला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. अशी हलवाहलव मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर ते १७ झाले. आपल्या रानातून उचलून परक्या रानात टाकलेलं जनावर तिथल्या वाटा ओळखत नाही. कोणत्या घरातला माणूस कधी बाहेर पडतो, कुठला ओढा रात्री मोकळा असतो, हे त्याला ठाऊक नसतं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीत उभी राहिले. मीही उचलून दुसऱ्या रानात ठेवलेली होते. इथलं कोण कधी, कुठून जातं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

ज्येष्ठात बहीण आली, तिनं सुके बोंबील आणले. रात्री दारं-खिडक्या लावून ते भाजले. वास लपवायचा म्हटलं की दुप्पट पसरतो, तसंच झालं. सकाळी शेजारच्या काकू दारात. आत यायला तयार नाहीत. पायरीवरून म्हणाल्या, "काल काही भाजलं होतं का?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. आमचं घर, आमचं जेवण, तुमच्या श्रद्धेचा पूर्ण आदर, असं तीन वाक्यांचं. पहिलं वाक्य ओठांवर आलं तोवर काकूंनी पुढचा प्रश्न विचारला होता. "मुंडकी, काटे कुठं टाकले?"

"मागच्या खड्ड्यात."

"उघडे?" काकू पायरी उतरून सरळ मागं गेल्या. "तुम्ही खावा ओ, तुमचं तुम्ही. पण उघडं टाकू नका. वासावर कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागं वाघ येतो. आमचं वासरू ह्याच भिंतीला बांधलंय."

त्यांनी आमचंच फावडं उचललं. एका हातानं नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हातानं माती ओढली. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "तुम्ही राख आणा." खड्डा बुजला, वर राख पसरली, राखेवर एक दगड ठेवला. पदर शेवटपर्यंत नाकावरून हलला नाही आणि फावडंही थांबलं नाही. त्यांना तो वास सोसत नव्हता, आणि तरी त्या खड्ड्यापाशी उभ्या होत्या. शेजारधर्म हा शब्द मी शेकडो मुद्रितांत तपासला असेल. त्याचा अर्थ मी त्या दिवशी पाहिला.

काकूंनी सांगितलं ते अभ्यासातही आढळलेलं आहे. इथून जवळच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. काकूंना हे फार आधीपासून ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात मळ्यातली निम्मी माणसं वारीला निघाली. काकूंनी घराची किल्ली माझ्याकडं दिली. गोठ्याचं पुतण्या बघणार होता. माझ्याकडं तुळस होती. मी अवघडले. माझी अडचण त्यांनीच सोडवली. "पूजा नको करायला. पाणी घाला, पुरे. तिला तहान लागती." तीन आठवडे मी रोज सकाळी त्या वृंदावनात तांब्याभर पाणी ओतलं. त्या काळात मळा इतका शांत झाला की माझी झोप आणखीच उडाली. नानांचा पहाटेचा खोकला नाही, संध्याकाळचा टाळ नाही. ज्या आवाजांनी मी सुरुवातीला दचकत होते, त्यांच्याच आधारानं मी झोपत होते, हे ते आवाज थांबल्यावर कळलं.

आश्विनात वसुबारस आली. काकूंनी गाय-वासराला ओवाळलं. त्याच तिथीला पश्चिमेकडच्या डोंगरातल्या आदिवासी गावांत वाघबारस असते, रानातल्या वाघोबापुढं नैवेद्य ठेवतात, असं नानांनी सांगितलं. एकाच दिवशी खाली गाईची पूजा आणि वर वाघाची. मी त्यांना विचारलं, हे कसं जुळतं? नाना म्हणाले, "जुळवायचं कशाला? दोघांना इथंच राहायचंय." मग त्यांनी आळ्याच्या रेड्याची गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथून जवळ, आळे गावात आहे आणि लोक तिला डोकं टेकतात. गोष्ट मला आधी माहीत होती. एका रेड्याला माणसांनी समाधी दिली आणि शतकानुशतकं ती सांभाळली, याकडं मात्र मी तोवर लक्ष दिलं नव्हतं. वेद बोलण्याइतकंच मला ते मोठं वाटलं.

कार्तिकात काकडा सुरू झाला. पहाटे पाचला देवळाचा भोंगा वाजायचा. पहिले दोन दिवस मी उशी कानावर दाबली. तिसऱ्या दिवशी उठून दार उघडलं, तर उसाच्या मधल्या वाटेनं बायका येत होत्या. हातात टाळ, एकीच्या ताटात वात, सगळ्या एका रांगेत आणि मोठ्यानं म्हणत. त्यांच्या मोठ्यानं म्हणण्यात भक्ती होती, आणि उसाला दिलेली सूचनाही होती. आम्ही चाललोय, वाट सोड. आमच्या कोपऱ्यावर विहिरीपाशी वाट वळते. तिथं अंधार दाट असे आणि त्या थांबून एकमेकींना मोजत. मी शाल ओढली आणि रांगेत शेवटी उभी राहिले. काकूंनी मागं बघून मला मधे घेतलं. "शेवटाला नवीन माणूस नको." देवळात मी दाराशी थांबले. कुणी पुढं ओढलं नाही, कुणी का थांबलात असं विचारलं नाही. परतताना उजाडलं होतं.

त्याच दिवशी नवऱ्यानं अंगणाच्या कोपऱ्यावर बांबू रोवून एक दिवा लावला आणि त्याचं बटण घरात घेतलं. रोज पाचला मी ते दाबायला लागले. विहिरीचं वळण उजळायचं. पहाटे कधी शेतावरून परतणाऱ्या पुरुषांनाही तो दिवा व्हायचा. मोटारीची लाईट पुष्कळदा रात्रीच येते, मग मध्यरात्री उसात दारं धरायला जावं लागतं. आपल्या घरातला माणूस गुडघाभर चिखलात, हातात विजेरी, भोवती ऊस, आणि आपण अंथरुणात त्याच्या खोकल्याचा कानोसा घेत पडलेल्या. या मळ्यातल्या प्रत्येक बाईनं अशा रात्री काढल्या आहेत. दिवसा लाईट द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी मी आता माझी समजते. वाघाशी जुळवून घ्यायला सांगायचं असेल, तर त्याच्या वेळी माणसाला त्याच्या रानात पाठवू नये.

माघात दोन गोष्टी एकदम आल्या, ऊसतोड आणि सप्ताह. देवळात अखंड हरिनाम चालू होतं. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवसरात्र पहारा. वेळांचा तक्ता शुद्धलेखन तपासून मोठ्या अक्षरात लिहायचं काम माझ्याकडं आलं. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर. चौथ्या दिवशी दुपारी नानांच्या फडात कोयता थांबला. पाचटात तीन पिल्लं होती, मांजराएवढी, निळसर डोळ्यांची. तोडणाऱ्या बायकांनी आपली लेकरं उचलली आणि मागं सरल्या. वनखात्याची माणसं आली, डॉक्टरनं पिल्लं तपासली. संध्याकाळी ती एका क्रेटमध्ये घालून होती त्याच जागी ठेवायची, समोर कॅमेरा लावायचा, आणि माणसांनी दूर व्हायचं. रात्री आई येते आणि एकेकाला मानेला धरून नेते. आली नाही तर पुढच्या रात्री पुन्हा तसंच.

फड देवळापासून हाकेच्या अंतरावर होता. भोंगा चालू राहिला तर ती कशी येणार? देवळात बैठक बसली. काकूंची सून उभी राहिली. तिचं वासरू गेलं होतं. भिंतीला बांधलेलं तेच. ती म्हणाली, "तिच्या पोरांची काळजी करता, आमच्या पोरांची कोण करणार? सगळे धरून न्या." तिचा आवाज कापत होता आणि तिला कुणी गप्प बसवलं नाही. तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. वनखात्याच्या माणसानं सांगितलं की पिल्लं मिळाली नाहीत तर मादी ती शोधत वस्तीभोवती फिरत राहील, आणि त्या वेळी ती जास्त धोक्याची. सून खाली बसली. पटलं म्हणून नाही. तिच्या घरात दोन लहान मुलं होती म्हणून.

त्या रात्री सप्ताहाचं कीर्तन भोंग्याशिवाय झालं. बुवा मांडवात पुढं सरकून हलक्या आवाजात बोलले, पखवाज जपून वाजला, आणि आठ वाजता सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरोघर पोचले. वीणा मात्र चालू राहिली. वीणेकऱ्यांनी देवळाचं दार आतून लावून घेतलं आणि रात्रभर ओठांतल्या ओठांत नाम घेतलं. मी फळ्यावरचा तक्ता बदलून लिहिला होता. कीर्तन ६ ते ८. त्या एका ओळीत वाघाची वेळ आणि माळकऱ्यांची वेळ शेजारीशेजारी बसली होती. शेजार म्हणजे हेच असावं, असं तो खडू हातात असताना मला वाटलं. एकमेकांच्या वेळा ठाऊक असणं, आणि गरज पडली तर आपली वेळ थोडी सरकवणं. मला भीती वाटत होती ती ज्यांच्या वेळा मला ठाऊक नव्हत्या त्यांची.

सकाळी क्रेट रिकामा होता. नाना रात्रभर वीणा घेऊन उभे होते, डोळे लाल झालेले. फडातून येणाऱ्या पोरांनी ओरडून सांगितलं आणि नानांनी वीणेला हात जोडले. "माउली घेऊन गेली पोरांना."

सुनेनं ते ऐकलं. "गेली कुठं? ह्याच उसात," ती म्हणाली आणि गोठ्याला नवी जाळी ठोकायला गेली. मी खिळे धरायला तिच्याबरोबर गेले. दोघंही खरं बोलत होती.

आता दुसरा कार्तिक चालू आहे. गेल्या आठवड्यात मला तापानं धरलं. नवरा बहिणीकडं गेला होता. रात्री गोळी घेऊन झोपले ती गाढ झोपले. जाग आली ती दारावरच्या थापेनं. बाहेर खोकल्याचे आवाज, टाळ, बायकांचं बोलणं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. दार उघडलं तर काकू उभ्या, मागं काठी घेऊन नाना, त्यांच्यामागं सगळी रांग.

"दिवा नाही लागला, म्हणून आलो," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, हरिपाठ एकीच्या हातात दिला आणि तिला पुढं जायला सांगितलं. मग आत आल्या, चुलीकडं वळण्याआधी भिंतीवरचं बटण चाचपलं आणि दाबलं. विहिरीचं वळण उजळलं.

"असू द्या चालू," त्या म्हणाल्या. "वरच्या घरातल्या दोघी मागं आहेत अजून."